आनफेख्टुंग

आनफेख्टुंग ही जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (१० नोव्हेंबर १४८३ – १८ फेब्रुवारी १५४६) याच्या लेखनातील एक मध्यवर्ती संज्ञा आहे. आपण ईश्वरापुढे दोषी आहोत, त्याने आपला त्याग केला आहे आणि आता आपली सुटका नाही, अशी मनाला ग्रासणारी तीव्र जाणीव या संज्ञेने व्यक्त होते. ल्यूथरला हा अनुभव तरुणपणी मठात आला आणि पुढे आयुष्यभर अधूनमधून येत राहिला. या अनुभवातून मार्ग काढताना त्याने जे विचार मांडले, त्यांतूनच 'केवळ श्रद्धेने नीतिमान ठरणे' हा प्रोटेस्टंट पंथाचा मुख्य सिद्धान्त आकाराला आला. त्यामुळे धर्मसुधारणेच्या इतिहासाइतकाच ख्रिस्ती परंपरेतील अपराधभावनेचा आणि तिच्या निरसनाचा अभ्यास करतानाही ही संज्ञा महत्त्वाची ठरते.

संज्ञा

ज्या जर्मन क्रियापदावरून हा शब्द बनला आहे, त्याचा अर्थ 'चढाई करणे', 'आव्हान देणे' असा होतो. आजच्या जर्मन कायद्याच्या भाषेत एखाद्या कराराच्या वा निर्णयाच्या वैधतेला आव्हान देणे या अर्थाने तो वापरला जातो. लॅटिनमध्ये लिहिताना ल्यूथर 'तेन्तात्सिओ' हा शब्द योजतो. मराठीत त्यासाठी 'मोह' किंवा 'परीक्षा' असे शब्द सुचतात, परंतु दोन्ही अपुरे आहेत. मोहात मनुष्य वाईटाकडे ओढला जातो, तर आनफेख्टुंगमध्ये मनुष्याच्या अस्तित्वावरच खटला भरल्यासारखे होते. या खटल्यात फिर्यादी कोण, याचे ल्यूथरचे उत्तर ठिकठिकाणी बदलते. कधी तो सैतानाचे नाव घेतो, कधी स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचे, तर कधी साक्षात ईश्वराचे. ही अनिश्चितता हा त्याच्या विचारातील गोंधळ नसून त्या अनुभवाचाच भाग आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पार्श्वभूमी

इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे असा नियम केला. पुढील तीन शतकांत पापनिवेदनाची एक सूक्ष्म शास्त्रव्यवस्था उभी राहिली. कोणते पाप प्राणघातक आणि कोणते क्षम्य, ते कोणत्या परिस्थितीत घडले, किती वेळा घडले, मनाची संमती कितपत होती, याची चौकशी कशी करावी हे सांगणारे मार्गदर्शक ग्रंथ धर्मगुरूंसाठी तयार झाले. बहुसंख्य लोकांसाठी ही व्यवस्था दिलासा देणारीच होती. वर्षातून एकदा मनावरचे ओझे उतरवावे, नेमून दिलेले प्रायश्चित्त करावे आणि कामाला लागावे, असा तिचा सर्वसाधारण क्रम होता.

अडचण होती ती ज्यांचे मन मुळातच चिकित्सक व भयग्रस्त असे त्यांची. क्षमेसाठी पश्चात्ताप खरा हवा, आणि खरा पश्चात्ताप शिक्षेच्या भीतीतून नव्हे तर ईश्वरावरील प्रेमातून निघतो, असे शिकवले जाई. मग आपला पश्चात्ताप प्रेमातून आला की भीतीतून, हे ओळखायचे कसे? ट्यूबिंगेन येथील धर्मपंडित गाब्रिएल बील याच्या शिकवणुकीचा ल्यूथरच्या शिक्षणावर प्रभाव होता. जो मनुष्य आपल्याकडून होईल तेवढे करतो, त्याला ईश्वर कृपा नाकारत नाही, असे ही शिकवण सांगे. हे सूत्र आश्वासक वाटते, पण त्यात एक फट आहे. 'आपल्याकडून होईल तेवढे' आपण केले की नाही, याची खात्री प्रामाणिक माणसाला कधीच देता येत नाही.

मठातील वर्षे

ल्यूथरचे वडील हान्स तांबे वितळवण्याच्या व्यवसायात होते. मुलाने वकील व्हावे अशी त्यांची इच्छा होती. एर्फुर्ट विद्यापीठातून १५०५ मध्ये एम. ए. झाल्यावर ल्यूथरने कायद्याचा अभ्यास सुरू केला. त्याच वर्षी २ जुलै रोजी श्टोटर्नहाइम गावाजवळ तो वादळात सापडला आणि वीज जवळच कोसळल्याने भयभीत होऊन त्याने संत ॲनचा धावा करीत संन्यासी होण्याचा नवस केला. १७ जुलै रोजी तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. हा निर्णय वडिलांना मुळीच रुचला नाही. १५०७ मध्ये पहिला मिस्सा अर्पण करताना ल्यूथरचा थरकाप उडाला. आपल्यासारख्या क्षुद्र माणसाने सर्वशक्तिमान ईश्वराशी बोलावे कसे, या विचाराने वेदीपुढून पळून जावेसे वाटले, असे त्याने नंतर सांगितले. त्या दिवशी भोजनाच्या वेळी वडिलांनी, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा तू वाचली नाहीस काय, असा प्रश्न सर्वांसमक्ष विचारला. ल्यूथर हा प्रश्न कधी विसरला नाही.

मठाचे नियम त्याने कसोशीने पाळले. उपवास, जागरण, थंडीत अंथरुणाविना झोपणे यांत तो इतरांच्या पुढे असे. पापनिवेदन हा मात्र त्याच्या यातनेचा विषय झाला. एका प्रसंगी तो सुमारे सहा तास पापे सांगत होता, असे सांगतात. बाहेर पडताच एखादी विसरलेली गोष्ट आठवे आणि पुन्हा परतावेसे वाटे. निवेदन पूर्ण झाले या समाधानातच गर्वाचे पाप दिसे आणि तेही सांगावे लागे. जितका शोध अधिक तितके दोष अधिक, आणि जितके दोष अधिक तितका ईश्वराचा राग अधिक, असे हे चक्र होते. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याच ईश्वराचा आपल्याला द्वेष वाटू लागला आहे, हे त्याच्या लक्षात आले. संन्याशाच्या दृष्टीने याहून मोठे पाप नव्हते.

या काळाविषयीची बरीच माहिती ल्यूथरच्याच उत्तरायुष्यातील आठवणींतून मिळते. त्यांतील काही विद्यार्थ्यांनी त्याच्या घरी जेवणाच्या वेळी टिपून घेतल्या आहेत. वीसतीस वर्षांनंतर आणि मठजीवनाचा विरोधक झाल्यावर सांगितलेल्या या आठवणींत थोडी अतिशयोक्ती असणे शक्य आहे. मूळ अनुभव खरा होता याविषयी मात्र फारसा वाद नाही.

श्टाउपित्सचे मार्गदर्शन

ऑगस्टिनियन संघाचा प्रमुख योहान फॉन श्टाउपित्स हा ल्यूथरचा वरिष्ठ आणि पापनिवेदन ऐकणारा गुरू होता. क्षुल्लक गोष्टींची यादी घेऊन वारंवार येणाऱ्या या तरुणाला त्याने, क्षमा हवी असेल तर खून किंवा व्यभिचार असे काही खरेखुरे पाप घेऊन ये, असे बजावल्याचे ल्यूथर सांगतो. या बोलण्यात थट्टा होती, तसाच एक गंभीर मुद्दाही होता. ख्रिस्त खऱ्या पाप्यांसाठी आला. स्वतःला काल्पनिक पापी समजणाऱ्याला तारणाराही काल्पनिकच मिळतो.

आपण नरकासाठीच निवडले गेलो आहोत की काय, या शंकेने ल्यूथर पछाडला असता श्टाउपित्सने त्याला ईश्वराच्या गूढ निर्णयाचा शोध सोडून क्रुसावरील ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहण्यास सांगितले. खरा पश्चात्ताप ईश्वरावरील प्रेमाने संपत नाही, तर तेथून सुरू होतो, हेही त्याने शिकवले. ३० मे १५१८ रोजी श्टाउपित्सला लिहिलेल्या पत्रात ल्यूथरने या शिकवणुकीचे ऋण मान्य केले आहे. पुढे श्टाउपित्स कॅथलिक चर्चमध्येच राहिला. ल्यूथरने आपले प्रश्न त्या चर्चविरुद्ध एकट्याने सोडवले, ही प्रचलित समजूत त्यामुळे अर्धवट ठरते. पहिला आधार त्याला मठातूनच मिळाला होता.

ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन याने १५४६ मध्ये लिहिलेल्या चरित्रात आणखी एक आठवण आहे. एर्फुर्टच्या मठातील एका वृद्ध संन्याशाने ल्यूथरला श्रद्धांगीकारातील पापक्षमेविषयीच्या वाक्याकडे लक्ष वेधून सांगितले की, पापांची क्षमा होते एवढे मानणे पुरेसे नाही. दाविदाला, पेत्राला क्षमा मिळाली हे तर सैतानही मानतो. ती क्षमा आपल्याला मिळाली आहे असे प्रत्येकाने मानावे, अशी आज्ञा आहे.

'नीतिमत्त्व' शब्दाचा नवा अर्थ

१५१२ मध्ये ल्यूथर डॉक्टर झाला आणि विटेनबर्ग विद्यापीठात पवित्र शास्त्र शिकवू लागला. १५१३ ते १५१८ या काळात त्याने स्तोत्रसंहिता, रोमकरांस पत्र, गलतीकरांस पत्र व इब्री लोकांस पत्र यांवर व्याख्याने दिली. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या सतराव्या ओवीत सुवार्तेत ईश्वराचे नीतिमत्त्व प्रकट होते, असे विधान आहे. ल्यूथरला ते भयंकर वाटे. ईश्वर न्यायी असल्यामुळे तो अन्यायी माणसाला शिक्षा करतो, असाच त्याचा अर्थ त्याला शिकवला गेला होता. म्हणजे नियमशास्त्राने तर दोषी ठरवलेच होते, आता सुवार्तेनेही तेच करावे!

१५४५ मध्ये आपल्या लॅटिन लेखनसंग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने सांगितले आहे की, या ओवीवर रात्रंदिवस मनन करताना तिचा संदर्भ त्याच्या ध्यानात आला. येथे ज्या नीतिमत्त्वाने ईश्वर माणसाचा न्याय करतो ते अभिप्रेत नसून, जे तो माणसाला दान म्हणून देतो आणि जे केवळ श्रद्धेने स्वीकारले जाते, ते नीतिमत्त्व अभिप्रेत आहे. हे समजताच आपण नव्याने जन्मलो आणि स्वर्गाची दारे उघडली, असे त्याला वाटले. ही घटना मठाच्या मनोऱ्यातील खोलीत घडली अशा परंपरेवरून तिला 'मनोऱ्यातील अनुभव' म्हणतात. तिचा काळ अभ्यासक १५१३ पासून १५१९ पर्यंत निरनिराळा मानतात. एका क्षणी घडलेल्या साक्षात्कारापेक्षा अनेक वर्षांच्या अध्यापनातून हळूहळू झालेला हा बदल असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

याच काळात दुसऱ्या एका शब्दानेही कलाटणी दिली. येशूच्या उपदेशातील एका ग्रीक क्रियापदाचे लॅटिन भाषांतर 'प्रायश्चित्त करा' असे वाचले जाई. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार प्रसिद्ध केल्यावर त्या शब्दाचा मूळ अर्थ 'मन पालटा' असा आहे, हे ल्यूथरसारख्या वाचकांना स्पष्ट झाले. मराठीत 'प्रायश्चित्त' आणि 'पश्चात्ताप' हे शब्द वेगळे असल्याने हा फरक मराठी वाचकाला सहज कळतो. लॅटिन व जर्मन भाषांत मात्र दोहोंना एकच शब्द होता. प्रायश्चित्ताला माप असते. ते पूर्ण होते, कमी करता येते, दुसऱ्याने करता येते, आणि क्षमापत्रांच्या व्यवहारात पैसे देऊन सूटही मिळवता येत असे. मन पालटण्याला असे माप नाही. ३१ ऑक्टोबर १५१७ च्या पंच्याण्णव प्रबंधांपैकी पहिलाच प्रबंध श्रद्धावंताचे संपूर्ण जीवन हाच पश्चात्ताप होय, असे प्रतिपादन करतो.

दोषभावनेच्या निरसनाची रीत

ल्यूथरच्या विचारात अपराधभावनेचे निरसन ती खोटी ठरवून होत नाही. तू तितका वाईट नाहीस, असे तो कोणाला सांगत नाही. उलट आरोप संपूर्णपणे मान्य करावा, असे त्याचे म्हणणे आहे. नियमशास्त्राचे काम दोष दाखवणे आणि सुवार्तेचे काम क्षमा देणे. या दोहोंची गल्लत झाली की मनुष्य एकतर उद्दाम होतो किंवा निराश. १५३५ च्या गलतीकरांस पत्रावरील भाष्यात या भेदाचे विस्तृत विवेचन आहे.

दुसरा मुद्दा असा की, क्षमेचा पुरावा माणसाच्या अंतःकरणात शोधायचा नाही. पश्चात्ताप पुरेसा तीव्र आहे का, श्रद्धा पुरेशी दृढ आहे का, असे स्वतःला तपासू लागले की जुनेच चक्र पुन्हा फिरू लागते. म्हणून ल्यूथर आधार 'आपल्या बाहेर' ठेवतो. कोणीतरी मोठ्याने उच्चारलेले क्षमेचे वचन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही त्याची दृश्य रूपे होत. 'माझा बाप्तिस्मा झाला आहे' हे वाक्य पाप आणि सदसद्विवेकबुद्धीच्या छळाला उत्तर म्हणून वापरावे, असे त्याने १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत सुचवले. खाजगी पापनिवेदनही त्याने रद्द केले नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग श्रद्धांगीकारात ते कायम ठेवले असून, सर्व पापांची यादी देण्याची सक्ती मात्र काढून टाकली आहे.

श्रद्धावंत मनुष्य 'एकाच वेळी नीतिमान आणि पापी' असतो, हे त्याचे सूत्र या सर्वांचा पाया आहे. दोष शिल्लक आहे याचा अर्थ क्षमा मिळाली नाही, असा निष्कर्ष मग काढता येत नाही.

पुनरावृत्ती

सिद्धान्त सापडल्यावर आनफेख्टुंग संपली, असे ल्यूथरचे अनेक लोकप्रिय चरित्रकार सुचवतात. वस्तुस्थिती तशी नाही. ६ जुलै १५२७ रोजी तो अचानक कोसळला आणि मृत्यू जवळ आला असे त्याला वाटले. त्यानंतर एक आठवड्याहून अधिक काळ आपण मृत्यूत आणि नरकात होतो, ख्रिस्त जवळजवळ हरवलाच होता, असे त्याने ऑगस्टमध्ये मेलांख्थॉनला कळवले. त्या उन्हाळ्यात विटेनबर्गमध्ये प्लेगची साथ आली, विद्यापीठ येना येथे हलवले गेले, पण ल्यूथर आणि त्याची गरोदर पत्नी काथारीना तेथेच राहिले. डिसेंबरात जन्मलेली त्यांची मुलगी एलिझाबेथ पुढील वर्षीच वारली. आता त्याला छळणारे आरोप मठातील आरोपांपेक्षा वेगळे होते. एवढी शतके सर्व चुकले आणि तू एकटाच शहाणा काय? तुझ्या शिकवणीमुळे किती जीव नाशाकडे गेले असतील?

या काळात मित्रांकडून प्रार्थनेची व सांत्वनाची मागणी तो निःसंकोचपणे करीत असे. आनफेख्टुंगमध्ये एकटे राहू नये, हा त्याचा ठाम अनुभव होता.

वेलरला पत्र

१५३० मध्ये ल्यूथर कोबुर्गच्या किल्ल्यात राहत असताना त्याच्या मुलांचा शिक्षक हिएरोनिमुस वेलर तीव्र खिन्नतेने ग्रासला होता. त्याला लिहिलेले पत्र ल्यूथरच्या सांत्वनपर लेखनातील एक प्रसिद्ध नमुना आहे. त्यात उपदेश असा आहे की, सैतानाशी वाद घालत बसू नये, ते विचार तिरस्काराने झटकावेत, एकांत टाळावा, थट्टामस्करी करावी, खेळावे आणि थोडी अधिक दारूही प्यावी. सैतानाला खिजवण्यासाठी एखादे लहानसे पाप करायलाही हरकत नाही, असे तो बेधडक लिहितो. आरोप आलाच, तर आपण मरणास व नरकास पात्र आहोत हे कबूल करावे आणि आपल्यासाठी ज्याने दुःख सोसले त्याचे नाव सांगावे. मठात असताना आपलीही हीच अवस्था होती व श्टाउपित्सने धीर दिला होता, हेही ल्यूथर वेलरला सांगतो.

प्रभाव

इंग्लंडमधील जॉन बन्यन अनेक वर्षे अशाच आत्मनिंदेने पीडित होता. गलतीकरांस पत्रावरील ल्यूथरच्या भाष्याची एक जीर्ण प्रत त्याच्या हाती आली. आपल्याच मनातून हे पुस्तक लिहिले गेले असावे असे त्याला वाटले. जखमी सदसद्विवेकबुद्धीसाठी बायबलखालोखाल हेच पुस्तक योग्य, असा अभिप्राय त्याने १६६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात दिला आहे. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असताना जॉन वेस्लीला आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री वाटली. मेथडिस्ट चळवळीच्या इतिहासात या दिवसाला विशेष स्थान आहे.

कॅथलिक परंपरेत याच समस्येला वेगळे उत्तर मिळाले. १५२२ मध्ये मान्रेसा येथे इग्नेशियस लोयोला ल्यूथरप्रमाणेच जुनी पापे पुन्हापुन्हा सांगण्याच्या चक्रात अडकला होता आणि आत्महत्येचे विचारही त्याच्या मनात आले. ही शंकाखोरी ईश्वराकडून येत नाही असे ओळखून जुनी पापे पुन्हा न सांगण्याचा त्याने निश्चय केला. श्रद्धेने नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्ताला ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघ व कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या.

टीका

मनोविश्लेषक एरिक एरिक्सन याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात ल्यूथरच्या संघर्षाचे मूळ वडिलांशी असलेल्या संबंधात आणि तरुणपणीच्या अस्मितेच्या पेचात शोधले. पुरावा तोकडा असल्याची टीका इतिहासकारांनी या ग्रंथावर केली. आजच्या मानसोपचारात धार्मिक शंकाखोरी हा कल्पनाविचार-कृती अनिवार्यतेच्या विकाराचा एक प्रकार मानला जातो. ल्यूथरच्या मठातील वर्तनाचे त्याच्याशी साम्य असले, तरी पाच शतकांपूर्वीच्या व्यक्तीचे निदान करणे धाडसाचे आहे. तसेच, असा विकार असलेल्या व्यक्तीला धर्मोपदेशाबरोबर उपचारांचीही गरज असते.

क्रिस्टर स्टेंडाल याने १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अधिक मूलगामी आक्षेप घेतला. पौल स्वतःला नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष म्हणवतो. तो ल्यूथरसारखा आत्मपीडित नव्हता. त्याचा प्रश्न परराष्ट्रीयांना ईश्वराच्या प्रजेत स्थान कसे मिळेल, हा होता. पाश्चात्त्य अंतर्मुखतेने तो प्रश्न वैयक्तिक अपराधभावनेचा करून टाकला, असे स्टेंडालचे म्हणणे होते. पौलाच्या अभ्यासात या निबंधानंतर मोठा बदल घडला.

डीट्रिख बोनहोफर या लुथरन धर्मपंडिताने १९३७ मध्ये 'स्वस्त कृपा' या शब्दांत आपल्याच पंथावर टीका केली. ल्यूथरला कृपेसाठी सर्वस्व पणाला लावावे लागले. त्याच्या अनुयायांनी मात्र पश्चात्तापावाचून क्षमा वाटायला सुरुवात केली. स्वतः ल्यूथरच्या बाबतीतही हा प्रश्न टाळता येत नाही. मठातील क्षुल्लक चुकांनी कासावीस होणाऱ्या माणसाने १५४३ मध्ये यहुद्यांची सभास्थाने जाळण्याचा सल्ला देणारे पुस्तक लिहिले, आणि त्याबद्दल त्याला टोचणी लागल्याचे दिसत नाही. अपराधभावनेची तीव्रता आणि नैतिक दृष्टीची अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मराठी संदर्भ

मराठी बायबलमधील 'नीतिमान ठरणे' आणि 'दंडाज्ञा' हे शब्द न्यायालयीन अर्थच्छटेचे असून, ल्यूथरने ज्या प्रकारे हा अनुभव मांडला त्याच्याशी ते जुळतात. मराठी ख्रिस्ती समाजात प्रोटेस्टंट विचार प्रामुख्याने अमेरिकन व ब्रिटिश मिशनांमार्फत आला. बन्यन व वेस्ली यांच्या परंपरेतून त्यात ल्यूथरचा धागा अप्रत्यक्षपणे उतरला आहे.

पंडिता रमाबाई यांचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली, असे त्यांनी १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनात लिहिले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचून त्या या निष्कर्षाला आल्या. त्यांच्या मनातील ओझे मठातील संन्याशाचे नव्हते. स्त्रियांना व शूद्रांना मोक्षाचा स्वतंत्र मार्ग नाकारणाऱ्या शास्त्रवचनांची परखड चिकित्सा त्यांच्या आत्मनिवेदनात येते. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या धार्मिक जागृतीत अनेक मुलींनी रडत, मोठ्याने पापे कबूल केली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.